सातव्या दिवशी नापास झालेली राख

या भिंतीत तीस टक्के सिमेंटच्या जागी वीज केंद्रातल्या कोळशाची राख जाणार, हे मुकादम काकांना सांगितलं तेव्हा ते हातातला चहा तसाच धरून म्हणाले, "मॅडम, राखेनं आम्ही भांडी घासली. भिंत नाय बांधली कधी."

मी ठेकेदाराकडे क्वालिटीचं बघते. काम पूर्व उपनगरातलं, खाडीजवळच्या नाल्याची संरक्षक भिंत. भरतीला खाडीचं पाणी नाल्यात चढतं, ओहोटीला उतरतं. म्हणजे भिंत रोज खाऱ्या पाण्यात भिजणार आणि वाळणार. टेंडरमध्ये फ्लाय अ‍ॅशची, म्हणजे याच राखेची, अट होतीच. राख वापरण्याची पहिली केंद्रीय अधिसूचना १९९९ ची. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनेही कोळशावरच्या वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना ती बंधनकारक केली आहे, आणि मुंबई डहाणू आणि नाशिक या दोन्ही केंद्रांच्या टप्प्यात येते. एवढं असून मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटमधलं कशाचं किती हे प्रमाण, मंजूर व्हायला माझ्या चपला झिजल्या.

पहिली अडचण राखेचीच. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवाल्याने जो नमुना पाठवला तो काळपट होता. चांगली राख फिकट करडी असते, चिमटीत टाल्कम पावडरसारखी सरकते. काळपटपणा म्हणजे बहुतेक वेळा न जळलेला कोळसा, आणि तो अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीट वाहतं ठेवणारं रसायन) पिऊन टाकतो. ट्रायलला स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती सैल आहे त्याचं माप, १४० मिलिमीटर आला होता, अर्ध्या तासात ६० वर. असं काँक्रीट दुपारच्या ट्रॅफिकमधून मिक्सरमध्ये आलं असतं तर पंपाच्या पाइपातच बसलं असतं. लॅबने लॉस ऑन इग्निशन (राख तापवल्यावर जळून घटणारं वजन) काढलं तर ७ टक्क्यांच्या वर. आयएस ३८१२ या भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटसाठीच्या राखेला ५ ची मर्यादा आहे. नमुना परत. दुसऱ्या पुरवठादाराची राख चाळणीलाही पास झाली आणि या चाचणीलाही.

मग फाइल. ग्रेड एम ३५, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन ताकद; दर घनमीटरला २८० किलो ५३ ग्रेडचं ओपीसी (राख नसलेलं साधं सिमेंट) आणि १२० किलो राख. मंजुरी देणाऱ्या कार्यालयातल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला, "पीपीसी सिमेंटमध्ये राख असतेच की, वर आणखी कशाला?" प्लांटवर पीपीसीच्या सायलोतून (सिमेंटच्या उंच टाकीतून) माल सोडून वर राख टाकण्याचे प्रकार घडतात, मग राखेचं प्रमाण कुठल्या कुठे जातं. मी सायलोचा फोटो आणि सिमेंटच्या चलनाच्या प्रती फाइलला लावल्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

सातव्या दिवशी ट्रायलचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे, फोडले. १५० मिलिमीटरचा क्यूब मशीनमध्ये ठेवला, सुई चढत चढत ४७० किलोन्यूटनच्या आसपास अडकली आणि कोपऱ्यातून कपची उडाली. म्हणजे ताकद दर चौरस मिलिमीटरला २१ न्यूटनच्या आत. सगळ्यांच्या डोक्यात सात दिवसांना ३५ च्या दोन तृतीयांश हे गणित पक्कं बसलेलं, म्हणजे २३ तरी हवेत. फाइल शेरा मारून परत आली: सिमेंट वाढवा.

इथे मी अडून बसले. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना सुटतो, आणि राखेतली सिलिका त्या चुन्याशी सावकाश जुळून सिमेंटसारखाच चिकट बंध तयार करते. त्यासाठी आधी चुना सुटायला हवा, म्हणून राखेचं काम उशिरा सुरू होतं. आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात काँक्रीट पास-नापास ठरतं २८ दिवसांच्या क्यूबवर. हे पत्रात लिहिलं. आपल्याच राज्यातलं घाटघरचं धरण बांधताना सिमेंट कमी आणि राख जास्त वापरली होती, तेही लिहिलं. सिमेंट वाढवलं असतं तर जाड भिंतीत उष्णता वाढून तडे गेले असते, हा मुद्दा मात्र मी तोंडीच मांडला. पत्र आधीच दीड पान झालं होतं. (आमच्या शेठना दीड पानाचं पत्र म्हणजे अपशकून वाटतो.)

२८ व्या दिवशी तीन क्यूब: ४३.९, ४४.७, ४५.६. ३५ वर सुरक्षेची भर धरून लक्ष्य ४३.२५ चं होतं. साहेबांनी आकडे दोनदा वाचले. त्यांना जास्त पटली ती क्लोराइडची चाचणी: जितका कमी प्रवाह जाईल तितका सळ्या गंजवणारा खार आत कमी शिरतो. साध्या ओपीसीच्या तुकड्यातून ३००० कूलंबच्या वर प्रवाह गेला, राखेच्या तुकड्यातून हजाराच्या थोडासा वर. ते माहीमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतात. म्हणाले, "आमच्या गॅलरीच्या स्लॅबचे पोपडे पडतात, सळ्या दिसायला लागल्यात." सही झाली.

खरी भांडणं मात्र साइटवर झाली. ओपीसीला सात दिवस पाणी मारायचं तर राख असेल तिथे किमान दहा, आणि कडक कोरड्या हवेत चौदा. मार्चअखेर ऊन तापलेलं, टँकर दोन दिवसांआड. शेठ म्हणायचे, "सात दिवसांचं पाणी मी टेंडरात धरलंय, बाकीचं तुझ्या पगारातून?" शटरिंगवाल्याला प्लेटा पुढच्या टप्प्यावर न्यायच्या होत्या, आणि मी त्याला दीड दिवस जास्त थांबवत होते. शेवटी गोणपाटं काकांनी मिळवली, मार्केटमधून कांद्याची रिकामी पोती. ती भिंतीवरून दोन्ही बाजूंना सोडून, वर भोकं पाडलेला पाइप टाकला. टँकरचं पाणी निम्म्यावर आलं. साइटला महिनाभर कांद्याचा वास होता, पण नाल्याच्या वासापुढे तो बरा.

एकदा मी नसताना पोती दुपारभर वाळली. तेवढ्या दहा मीटरच्या पट्ट्यावर केसासारख्या रेघा उठल्या आहेत. त्या मी फोटोसकट नोंदवल्या, शेठना आवडलं नाही.

साइटचे ५६ दिवसांचे क्यूब पाऊस सुरू झाल्यावर फोडले. सुई ११५० च्याही पुढे गेली, म्हणजे ५१ च्या वर. काका लॅबच्या दारात छत्री मिटत उभे होते. फुटलेल्या क्यूबचा एक तुकडा उचलून त्यांनी अंगठ्याने घासून पाहिला, अंगठा बघितला, आणि तुकडा खिशात टाकला.