एपीएल, अ‍ॅट्रा आणि सोमल : माझा अनुभव

मला एपीएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर झाला, त्याची ही गोष्ट. डेंग्यूचा सीझन होता, त्यामुळे प्लेटलेट १८ हजार आल्यावर सगळ्यांना डेंग्यूच वाटला, मी तीन दिवस सलाईन लावून पडले होते, पण हिरड्यांतलं रक्त थांबेना आणि मांड्यांवर काही न लागता काळेनिळे डाग, शेवटी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्वतः स्लाइड बघितली आणि म्हणाल्या, आजच्या आज पुण्याला जा.

तिथं बोन मॅरो काढली आणि जेनेटिक रिपोर्ट यायच्या आधी त्याच रात्री एपीएलवरच्या औषधाच्या, म्हणजे अ‍ॅट्राच्या कॅप्सूल सुरू केल्या. एपीएलमध्ये सुरुवातीच्या दिवसांतच रक्तस्राव होऊन पेशंट जाऊ शकतो, म्हणून थांबत नाहीत.

रिपोर्ट आला, पीएमएल-आरएआरए पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. आरएआर-अल्फा हे प्रोटीन सगळ्यांतच असतं, कुठले जीन चालू आणि कुठले बंद ते बघतं, व्हिटॅमिन ए पासून बनलेलं अ‍ॅसिड त्याला चिकटलं की रक्ताच्या कोवळ्या पेशीला मोठं व्हायचा निरोप जातो. माझ्या पेशींत १५ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन ते पीएमएल नावाच्या प्रोटीनला जोडलं गेलं होतं, आणि हे जोडप्रोटीन जीन बंदच करून बसतं, पेशी अर्धवट वयात अडकतात आणि वाढतच राहतात. अ‍ॅट्रा म्हणजे तेच अ‍ॅसिड मोठ्या डोसमध्ये, त्याने पेशी पुन्हा मोठ्या व्हायला लागतात. आणि दुसरं औषध, आर्सेनिक, पीएमएलच्या बाजूने पकडून ते जोडप्रोटीनच मोडतं.

आर्सेनिक म्हणजे सोमल हे कळल्यावर आई रडायलाच लागली, पोरीला विष देताय म्हणून. डॉक्टर तिच्याशेजारी बसले, सांगितलं की अ‍ॅट्रा शांघायच्या आणि आर्सेनिक हार्बिनच्या डॉक्टरांनी आधी वापरून दाखवलं, आणि पांढऱ्या पेशी १० हजारांच्या आत असल्या तर या दोघांवरच भागतं. माझ्या कमी होत्या, त्यामुळे नेहमीची केमो लागली नाही, केसही राहिले.

नवव्या दिवशी मात्र धाप, ताप आणि दोन दिवसांत चार किलो वजन वाढलं. डिफरन्शिएशन सिंड्रोम, म्हणजे या औषधांनी पेशी मोठ्या होताना येणारा त्रास. लगेच डेक्सा हे स्टेरॉइड दिलं म्हणून निभावलं. ज्यांची ट्रीटमेंट सुरू आहे त्यांनी रोज वजन कराच, सिस्टर विसरल्या तर आठवण करा.

पुढे आर्सेनिक चार आठवडे सोमवार ते शुक्रवार, मग चार आठवडे सुट्टी, असे चार राउंड, मध्ये सारखे ईसीजी आणि पोटॅशियम. अ‍ॅट्राने डोकं ठणकायचं, ओठ फुटायचे.

पीसीआर, म्हणजे ते पीएमएल-आरएआरए उरलंय का ते बघायची टेस्ट, निगेटिव्ह आला. आईने पेढे घेतलेत, पण देवळात जायच्या आधी तिला त्या पॅथॉलॉजीच्या मॅडमकडे जायचंय.