टीव्हीचा आगाऊपणा

दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर पुस्तकांच्या कपाटापुढे रेंगाळणारी माणसं असतात, बाल्कनीतल्या कुंड्यांची माती चाचपणारी असतात. मी टीव्ही बघते. त्यावर काय चाललंय ते नाही, चित्र कसं लागलंय ते. नायिकेचा चेहरा निळसर, तिच्यामागचं झाड भडक पोपटी, केसांच्या कडेने एक पांढरी बारीक रेघ. यजमानीण चहा टाकायला आत गेली की माझा हात रिमोटकडे वळवळायला लागतो. बऱ्याचदा तो पोचतोही. मग आतून येता येता "अगंबाई, पिवळं का दिसायला लागलं?" असा प्रश्न येतो आणि मी रिमोट सोफ्यावर ठेवून लाडवांची चौकशी करते.

टीव्हीत खोट नसते. बरा सपाट टीव्ही आता कुणाच्याही घरी असतो, आणि त्याच्या पॅनेलला सुरेख चित्र दाखवता येत असतं. पण पंगतीतला आग्रही वाढपी जसा पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो, तसा हा टीव्ही न मागितलेलं वाढत राहतो. आणखी रंग, आणखी धार, आणखी गुळगुळीतपणा. चांगलं चित्र हवं असेल तर त्याला काही शिकवावं लागत नाही, फक्त आवरावं लागतं.

ही सवय त्याला दुकानात लागते. शोरूमच्या भिंतीवर डझनभर सेट शेजारी शेजारी चालू, डोक्यावर लखलखीत दिवे, आणि गिऱ्हाईक प्रत्येकापुढे जेमतेम अर्धा मिनिट उभं. तिथे जो जास्त उजळ, जास्त निळा आणि जास्त भडक, त्याच्यापुढे पाय थांबतात. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाचा मोड असतो तो त्या भिंतीसाठी. घरी आणल्यावर सेट पहिल्यांदा चालू करताना ‘होम’ की ‘स्टोअर’ असं बरेच टीव्ही विचारतात, पण तेव्हा रिमोट बहुधा भिंतीला खिळे मारायला आलेल्या माणसाच्या हातात असतो आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई असते.

म्हणून पहिलं काम एकच. पिक्चर मोडमध्ये जाऊन ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ असं जे काही असेल ते निवडायचं. निम्मं भांडण तिथेच मिटतं. मग शार्पनेस खाली आणायचा, बऱ्याच सेटवर अगदी शून्याच्या आसपास. त्या पट्ट्याने नवा तपशील येत नाही, वस्तूंच्या कडा तेवढ्या कोरल्या जातात. केसांभोवतीची रेघ त्याचीच. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट वगैरे मंडळींना घरी पाठवायचं. वीज वाचवणारा इको मोड खोलीतला उजेड बघून चित्र आपोआप मंद करतो. अंधारातला प्रसंग सुरू झाला की ‘काही दिसतच नाही’ ही तक्रार कित्येकदा त्याच्यामुळे असते.

खरी लढाई असते ती पिवळ्या रंगाची. पांढरा रंग किती निळा किंवा किती तांबूस असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे: सुमारे 6500 केल्विन. चित्रपट आणि मालिकांच्या रंगांवर शेवटचा हात फिरवणारे लोक याच पांढऱ्यावर बेतलेल्या पडद्यापुढे बसलेले असतात. टीव्हीवर त्याच्या जवळचा पर्याय म्हणजे ‘वॉर्म’, आणि ‘कूल’ त्याहून पुष्कळ निळा. आईला ‘वॉर्म’ लावून दाखवलं तर म्हणाली, "चहाचा डाग पडल्यासारखं दिसतंय." मी मुद्दाम दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचा खोका शोधून आणला. त्यावर छापलेलं, 6500. म्हणजे ज्या ट्यूबच्या उजेडात ती तांदूळ निवडते आणि जो तिला स्वच्छ पांढरा वाटतो, टीव्हीवरचा हा ‘पिवळा’ त्याच्याच आसपासचा. खोक्याने तिचं समाधान झालं नाही. डोळ्यांना एका पांढऱ्याची सवय झाली की दुसरा खोटा वाटतो, आणि ती सवय बदलायला थोडे दिवस जावे लागतात. तेवढे दिवस कुणी देत नाही, हीच अडचण.

आई शेवटी वळली ती साड्यांमुळे. तिची रोजची मालिका चालू होती आणि सासूने कुठली पैठणी नेसलीय यावर ती आणि शेजारच्या काकू यांच्यात दुमत झालं. एक म्हणे वांगी, एक म्हणे आमसुली. व्हिव्हिडमध्ये दोन्ही एकच दिसतात, कारण तो मोड प्रत्येक रंग ढकलत ढकलत टोकाला नेतो, आणि टोकाला गेल्यावर शेजारशेजारच्या छटांना वेगळं राहायला जागाच उरत नाही. सिनेमा मोड लावला तर आमसुली तपकिरीकडे झुकली, काठाला हिरव्याची झाक आली, आणि मागे बसलेल्या नणंदेची साडी निळी नसून चिंतामणी आहे हाही शोध लागला. मोरपंखी, रामा, डाळिंबी, अबोली एवढे रंग नुसत्या नावाने वेगळे ओळखणाऱ्या बायकांना सगळं एकसारखं झगझगीत दाखवणं हा खरं तर त्यांचा अपमान आहे. त्या संध्याकाळपासून आमच्या घरी ‘वॉर्म’ला पिवळं म्हणायची बंदी आहे, आणि बंदी आईनेच घातली आहे.

रंगांचं झालं, उजेड-अंधारासाठी मला कसोटी सामन्याइतकं सोयीचं काही सापडलेलं नाही. वानखेडेवर दुपारचं ऊन पडलेलं असताना गोलंदाजाच्या पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसतायत का बघायच्या. शर्ट सपाट कागदी दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट जास्त झालाय. मग पंचांची काळी पॅन्ट बघायची. तिची इस्त्रीची घडी काळ्यात बुडून गेली असेल तर ब्राइटनेस कमी आहे. पॅन्ट राखाडी दिसत असेल तर जास्त. अनेक सेटमध्ये ब्राइटनेसचा पट्टा फक्त काळं किती काळं ते ठरवतो, उजेड कमी-जास्त करायला बॅकलाइट वेगळा असतो. काही कंपन्यांनी नावांची अदलाबदल केली आहे, तेव्हा पट्टा हलवून पॅन्टकडे बघणं उत्तम. आणि गवत. गवत कितीही हिरवं असलं तरी ते प्लास्टिकचं नसतं. एक सत्र एवढ्याला पुरतं, आणि घरातल्यांना वाटतं आपण मॅच बघतोय.

आता गुळगुळीतपणा. माझा जुना वैरी. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं चकचकीत नाव देते, पण काम एकच: दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने तिसरं चित्र घालतो. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांचा असतो. बोलपट आले तेव्हा, विसाच्या दशकाच्या अखेरीस, ही गती पक्की झाली आणि आपल्या डोळ्यांत ‘सिनेमा’ म्हणून जे काही बसलंय त्यात तिचा मोठा वाटा आहे. टीव्हीने मधली चित्रं भरली की तोच लाखो रुपयांचा चित्रीकरणाचा सेट, तोच पाऊस, तोच धावत आलेला नायक दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. अभिनयसुद्धा खोटा वाटतो, आणि बिचाऱ्या नटाचा त्यात काही दोष नसतो.

या 24 चं आणि टीव्हीचं जमणं पहिल्यापासून अवघडच होतं. आपल्याकडे टीव्ही प्रक्षेपणाची पॅल पद्धत होती, सेकंदाला 25 चित्रं. त्या पद्धतीत चित्रपट दाखवण्याचा सरळ उपाय म्हणजे तो थोडा जोरात पळवायचा. अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटं आधी संपायचा, आणि काळी एकमधलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकायचं. पेटीवर सूर लावून टीव्हीबरोबर गायला बसलेल्या एखाद्याला आपली पेटी उतरलीय असं वाटलं असेल. आज पॅनेल 120 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र ताजं करणारं असेल तर प्रत्येक चित्र पाच वेळा दाखवलं की हिशेब बरोबर बसतो. 60 हर्ट्झवर 24 चा भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवतात आणि कॅमेरा सावकाश वळताना चित्र किंचित अडखळतं. मला ते अडखळणं चालतं. गुळगुळीत खोटेपणापेक्षा बरं.

याबाबत मी एकटी चक्रम नाही, हे मला डिसेंबर 2018 मध्ये कळलं. टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला शेजारी उभं करून एक व्हिडिओ टाकला होता: घरी चित्रपट बघताना ही सोय बंद करा, म्हणून हात जोडून विनंती. विमानाला लोंबकळणारा माणूस, त्यालाही शेवटी लोकांच्या घरच्या रिमोटने हैराण केलं! पुढच्याच वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर झाला. एका निवडीत गुळगुळीतपणा, धार, साफसफाई सगळं बंद, आणि पांढरा ठरलेल्या प्रमाणावर. क्रिकेटलाही मधली चित्रं भरायची ती सोय लागत नाही. प्रक्षेपणच सेकंदाला 50 च्या हिशेबाने येतं; वर टीव्हीने हुशारी केली तर बॅटजवळून जाणारा चेंडू क्षणभर गायब होतो, आणि मग आपण उगाच पंचांना शिव्या देतो.

काही ठिकाणी मात्र कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. भिंतीवर 4के टीव्ही, आणि सेट-टॉप बॉक्सचं पॅकेज एसडी. येणारं चित्र 720 गुणिले 576, पडदा 3840 गुणिले 2160. गुणाकार करून बघा, येणाऱ्या एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. एकोणीस टीव्हीने मनाने रचायचे. अशा वेळी त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, महिन्याला थोडे पैसे जास्त टाकून आवडीच्या वाहिन्या एचडी घ्याव्यात.

आणि टीव्ही छताला का टेकवतात, हे मला आजवर उमगलेलं नाही. मुलांचा हात लागू नये, शोकेसच्या वर शोभून दिसावा, की देवघराच्या उंचीशी काही स्पर्धा? बऱ्याच एलईडी टीव्हींत व्हीए जातीचं पॅनेल असतं. समोरून त्याचा काळा रंग झकास, पण तिरक्या कोनातून बघितलं की रंग विटतात. जमिनीवर गादी टाकून, मान वर करून बघणाऱ्याला म्हणजे पाणी घातलेलं वरण मिळतं. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास हवा. मुलं मोठी होतात, खिळे तिथेच राहतात.

हे सगळं झालं बघणाऱ्यांचं. माझ्या भाच्याला बघण्यात रस नाही, त्याला खेळायचं असतं. मोठ्या टीव्हीला कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेमचा खोका जोडून तो क्रिकेटचा गेम खेळायचा आणि सारखा त्रिफळाचीत व्हायचा. "मावशी, मी बरोबर वेळेवर मारतोय गं!" तो खरं बोलत होता. टीव्ही हे सगळे साजशृंगार करतो त्याला वेळ लागतो, आणि नेहमीच्या मोडमध्ये हा उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही वर जाऊ शकतो. ऐकायला काहीच नाही. पण ताशी 140 किलोमीटरने आलेला खरा चेंडू सेकंदाला जवळजवळ 39 मीटर जातो, म्हणजे तेवढ्या अवधीत चार मीटर. अख्खी खेळपट्टी वीस मीटरची! भाच्याला चेंडू टप्पा घेताना दिसायचा तेव्हा कन्सोलच्या लेखी तो बॅटच्या तोंडाशी आलेला असायचा. गेम मोड लावला की टीव्ही सजावट सोडून चित्र आलं तसं पुढे ढकलतो. चांगल्या सेटवर उशीर दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो, चेंडूच्या भाषेत दीड-दोन फूट.

त्याला मी नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमची गोष्ट सांगितली. कॅसेट घालायच्या त्या खोक्याबरोबर प्लास्टिकची बंदूक यायची, आणि ‘डक हंट’मध्ये पडद्यावरची बदकं तिने टिपायची. बंदुकीतून काही सुटायचं नाही. उलट ती बघायची. घोडा दाबला की पडदा डोळ्याचं पातं लवायच्या आत काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतल्या प्रकाश ओळखणाऱ्या भागाला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक पडलं. जुना काचेचा टीव्ही आलेलं चित्र त्याच क्षणी रेखत जायचा, म्हणून हा खेळ जमायचा. बंदुकीची आतली जुळणीसुद्धा त्याच्याच लुकलुकण्यावर बेतलेली. आजच्या सपाट टीव्हीवर पांढरा चौकोन उगवेपर्यंत कन्सोलने निकाल देऊन टाकलेला असतो. तिथे एकही बदक मरत नाही.

नव्या कन्सोलवाल्यांसाठी दोन बारीक गोष्टी. 4के चित्र सेकंदाला 120 हवं असेल तर टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय खाचा सारख्या नसतात. बऱ्याच सेटवर एक किंवा दोनच पूर्ण ताकदीच्या, आणि त्यांतलीच एक साउंडबारसाठी राखलेली. आमच्याकडे त्यावरून भाचा आणि मेहुणे यांच्यात वाटाघाटी झाल्या. खाच मिळाली तरी टीव्हीच्या मेनूत तिच्यासाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा तत्सम पर्याय वेगळा चालू करावा लागतो, नाहीतर महागडी केबल नुसती शोभेची. बाकी बऱ्याच सेटवर प्रत्येक खाचेची सेटिंग वेगळी राहतात, ही मोठी सोय. कन्सोलला गेम मोड, आईच्या सेट-टॉप बॉक्सला सिनेमा, कुणाचं कुणाला लागत नाही.

भाच्याची फलंदाजी सुधारली. आता ऑनलाइन मॅच हरला की "नेट स्लो आहे" म्हणतो. राउटर त्याच्या बाबांच्या खात्यात येतो, मी त्यात पडत नाही.