मधे काच असताना

गुरुवार, रात्र

पॉल श्रेडरचा 'फर्स्ट रिफॉर्म्ड' हा चित्रपट आज दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी शेवट पटला नव्हता आणि त्या रागात सुरुवात विसरूनच गेले होते. आज सुरुवातीलाच अडकले. पाद्री टोलर रात्री टेबलाशी बसून वही उघडतो. वर्षभर रोज लिहायचं, हातानेच लिहायचं, खाडाखोड झाली तर तशीच दिसू द्यायची आणि वर्ष संपलं की सगळं नष्ट करायचं, असं तो ठरवतो. शेजारी दारूचा ग्लास. खोलीत सामान जवळजवळ नाहीच. चौकटही जुन्या चित्रपटांसारखी, चौरसाकडे झुकणारी, १.३७ ला १ या प्रमाणातली. पडद्याच्या दोन्ही कडांना काळोख राहतो आणि माणूस मधे कोंडलेला दिसतो. कॅमेरा सहसा हलत नाही.

टोलर आधी सैन्यात पाद्री होता. घराण्याची रीत म्हणून त्याने मुलाला सैन्यात जायला लावलं, बायको नको म्हणत असताना. मुलगा इराकमध्ये मारला गेला. बायको सोडून गेली. आता न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावात अडीचशे वर्षांचं चर्च तो सांभाळतो. रविवारी प्रार्थनेला मोजकी माणसं, एरवी बघायला येणारे पर्यटक. लघवीतून रक्त जातंय आणि तो ते अंगावर काढतोय. टोलरच्या भूमिकेत ईथन हॉकने हे सगळं आवाज न चढवता केलंय. त्याचं याहून मोठं काम मी पाहिलेलं नाही.

पण आज लिहायला बसले ती एका प्रसंगासाठी. मेरी नावाची गरोदर मुलगी टोलरकडे येते आणि माझ्या नवऱ्याशी बोला म्हणते. नवरा, मायकेल, पर्यावरणासाठी लढणारा. त्याला हे मूल नको आहे. तापत चाललेल्या पृथ्वीवर एका जिवाला आणायचं आणि तो मोठा झाल्यावर त्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हा त्याचा प्रश्न. दोघे समोरासमोर बसून बराच वेळ बोलतात. टोलर चांगलं बोलतो. आशा आणि निराशा दोन्ही एकाच वेळी मनात धरून ठेवता येणं, यालाच तो शहाणपण म्हणतो. आणि रात्री वहीत काय लिहितो? की आज रात्रभर देवदूताशी झुंजणाऱ्या, बायबलमधल्या याकोबासारखं वाटलं. त्याला त्या बोलण्यातून तरतरी आलेली असते. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तोलाचं भेटलं, याचा आनंद.

पुढे मायकेल त्याला भेटायला बोलावतो. टोलर पोचतो तेव्हा मायकेलने स्वतःला गोळी घालून घेतलेली असते.

तिथे मी चित्रपट थांबवला आणि कपाटातून माझी मागची वही काढली. मला जे आठवत होतं ते तिथे होतंच. आठ महिन्यांपूर्वी माझा मावसभाऊ आला होता. नोकरी गेली होती, खोलीबाहेर पडणं बंद झालं होतं. "ताई, सकाळी उठायचं कशासाठी ते सांग," इतकंच त्याने विचारलं. मी दोन तास बोलले. वाचलेलं, ऐकलेलं, सुचलेलं, सगळं. तो मान हलवत होता. आणि त्या रात्रीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलंय: आज खूप दिवसांनी छान बोलणं झालं.

त्यानंतर त्याचा फोन नाही. मावशी म्हणते बरा आहे, बोलत नाही फारसा. मीही केला नाही.

शुक्रवार

कामातही डोक्यात श्रेडरच होता.

पॉल श्रेडरचा जन्म १९४६ चा, मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा. घर कडक कॅल्विनपंथी ख्रिस्ती. सिनेमा हे पाप, त्यामुळे पहिला चित्रपट पाहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. ज्याला लहानपणी पडदा दिसलाच नाही त्याने पुढे १९७२ साली ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या दिग्दर्शकांवर पुस्तक लिहिलं. चित्रपट जेव्हा कमी दाखवतो, थांबतो, प्रेक्षकाला ताटकळत ठेवतो, तेव्हा त्या ताटकळण्यातून काहीतरी पवित्र जाणवू लागतं, असा त्याचा साधारण मुद्दा. मात्र स्वतः असे चित्रपट करायचे नाहीत असं तो वर्षानुवर्षं म्हणत राहिला. 'ईडा'च्या दिग्दर्शकाला, पावलिकॉव्स्कीला, भेटून घरी चालत जाताना त्याला वाटलं की आता आपणही असा एक लिहावा. त्यातून 'फर्स्ट रिफॉर्म्ड' आला. तो प्रदर्शित झाला तेव्हा श्रेडर सत्तरी ओलांडून गेला होता, आणि ऑस्करचं पहिलं नामांकन त्याला याच पटकथेसाठी मिळालं. 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल'च्या लेखकाचं पहिलं! आजही मला हे वाचून राग येतो.

'टॅक्सी ड्रायव्हर' त्याने कसा लिहिला ते मी कधी विसरत नाही. लग्न मोडलेलं, राहायला जागा नाही, गाडीतच दिवस काढत होता. पोटातल्या अल्सरने इस्पितळात जावं लागलं, आणि तिथल्या नर्सशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की कितीतरी आठवड्यांत आपण कोणाशी बोललेलोच नाही. टॅक्सी म्हणजे शहरभर फिरणारी लोखंडी शवपेटी, ही प्रतिमा तिथून आली. तेव्हापासून तो एकच माणूस लिहितोय. कधी तो टॅक्सी चालवतो, कधी श्रीमंत बायकांना सोबत करतो, 'लाइट स्लीपर'मध्ये अमली पदार्थ पोचवतो. पेशा बदलतो. रात्र, खोली आणि स्वतःशीच बोलणं तेच राहतं.

लोक म्हणतात, तेच तेच करतो. करू दे. कीर्तनकारही तोच अभंग पुन्हा घेतो, आणि ऐकणारा ऐकतो, कारण या वेळी कुठल्या शब्दावर तो थांबेल हे ठाऊक नसतं.

शनिवार, मध्यरात्र उलटून गेलेली

'द कार्ड काउंटर'. २०२१ चा. हा मी आधी अर्धवट सोडला होता. पत्त्यांचा चित्रपट म्हणून लावला आणि पत्त्यांचा निघाला नाही, म्हणून. किती चुकले!

विल्यम टेल (ऑस्कर आयझॅक) तुरुंगात पत्ते मोजायला शिकलाय. ब्लॅकजॅकमध्ये दोन ते सहापर्यंतचं पान निघालं की एक मिळवायचा, दश्शी, चित्र किंवा एक्का निघाला की एक वजा करायचा, सात-आठ-नऊ सोडून द्यायचे. बेरीज वर गेली की उरलेल्या पानांत मोठी पानं जास्त आहेत. तेव्हा डाव वाढवायचा. हे तो स्वतःच आपल्याला समजावतो, शांतपणे, एखाद्या शिक्षकासारखा. आणि तो थोडंच लावतो, थोडंच जिंकतो, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. मोटेलमध्ये खोली घेतली की भिंतीवरची चित्रं उतरवतो आणि खुर्ची, टेबल, दिवा, सगळं पांढऱ्या चादरींत गुंडाळून दोरीने बांधतो. मग वही उघडतो.

हा माणूस इराकमधल्या अबू घरीब तुरुंगात कैद्यांचा छळ करणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी एक होता. तो छायाचित्रांत दिसला, म्हणून त्याला शिक्षा झाली. ज्याने शिकवलं तो गोर्डो (विलेम डफो) छायाचित्रांत नव्हता, त्याला काही झालं नाही. अबू घरीबची खरी छायाचित्रं २००४ मध्ये जगापुढे आली तेव्हा मी ती पाहिली होती आणि पान उलटलं होतं. श्रेडर पान उलटू देत नाही. तिथल्या आठवणी त्याने इतक्या रुंद, फुगलेल्या भिंगातून घेतल्यात की भिंती वाकड्या होऊन अंगावर येतात. एरवी हा चित्रपट कॅसिनोच्या गालिच्यांसारखा सपाट, निर्जीव. आणि मधेच हे. मला दोनदा डोळे मिटावे लागले.

टेल वहीत अशा अर्थाचं लिहितो की केलेल्या कृत्याचं ओझं फेडून संपत नाही. मग एक पोरगा येतो, कर्क. त्याचे वडील तिथेच होते, परतल्यावर त्यांनी जीव दिला. त्याला गोर्डोवर सूड हवाय. टेल त्याला वाचवायला निघतो. पैसे देतो, आईकडे जा म्हणतो. तोही चांगलं बोलतो, आणि थोडी धमकीही देतो. पोरगा हो म्हणतो आणि थेट गोर्डोच्या घरी जातो. मारला जातो.

पुन्हा तेच, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय. टोलरने मायकेलला समजावलं, टेलने कर्कला. दोघांनीही आपलंच दुखणं समोरच्यावर बरं करायचा प्रयत्न केला. समोरचा काय म्हणतोय हे ऐकायला त्यांच्यात जागाच उरलेली नव्हती.

शेवट. टेल गोर्डोला मारून पुन्हा तुरुंगात. त्याच्या खेळासाठी पैसे मिळवून देणारी ला लिंडा (टिफनी हॅडिश) भेटायला येते. मधे जाड काच. ती बोट काचेला लावते, तो पलीकडून त्याच ठिकाणी लावतो. कॅमेरा तिथेच थांबतो आणि श्रेयनामावली त्या दोन बोटांवरच येत राहते. तुरुंगातली भेट आणि उशिरा उमगलेलं प्रेम हे श्रेडरने ब्रेसाँच्या 'पिकपॉकेट'मधून घेतलंय, 'अमेरिकन जिगोलो'त वापरलंय, 'लाइट स्लीपर'मध्ये वापरलंय. हे सगळं माहीत असूनही मी रडले. नावं संपेपर्यंत उठले नाही.

रविवार, संध्याकाळ

दुपारी 'मास्टर गार्डनर' पाहिला. श्रेडरच्या या तीन चित्रपटांतला शेवटचा, २०२२ चा. त्याच वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात श्रेडरला कारकिर्दीसाठी गोल्डन लायन दिला गेला.

यावर थोडंच लिहीन. नार्व्हेल (जोएल एजर्टन) एका श्रीमंत बाईच्या मोठ्या बागेचा मुख्य माळी. तोही वही लिहितो. बागकाम म्हणजे उद्यावर विश्वास ठेवणं, असं काहीसं तो सुरुवातीलाच म्हणतो, आणि शिकाऊ मुलांना माती हातात घेऊन तिचा वास घ्यायला लावतो. तो भाग मला फार आवडला. मालकीण नॉर्मा, म्हणजे सिगर्नी वीव्हर, प्रत्येक वाक्य सुरीने लोणी कापल्यासारखं बोलते. पण नार्व्हेलच्या सदऱ्याखाली पाठभर नाझी गोंदण आहे. तो गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी खून केलेला माणूस. साथीदारांविरुद्ध साक्ष देऊन नवं नाव घेऊन जगतोय. आणि त्याच्या आयुष्यात येते नॉर्माच्या भावंडाची नात, माया. तरुण, मिश्र वंशाची. ती ते गोंदण पाहते, संतापते, आणि नंतर त्याला स्वीकारते. शेवटी दोघं घराच्या ओसरीवर नाचतात.

मला हे पटलं नाही. दुपारपासून का पटलं नाही याचा विचार करतेय.

टोलरच्या अखेरच्या प्रसंगात मेरी येते तेव्हा त्याने उघड्या अंगाला काटेरी तार गुंडाळलेली आहे. मिठीत ती तार आत रुततेय. कॅमेरा, जो चित्रपटभर सहसा हलला नाही, तो त्यांच्याभोवती फिरत सुटतो. मेरी खरंच आलीय की मरणाच्या दारातल्या माणसाला दिसतेय, हेही ठरत नाही. टेल आणि ला लिंडा यांच्यामधे काच. नार्व्हेल आणि माया यांच्यामधे काहीच नाही. गुन्हे मात्र उलट्या दिशेने वाढत गेलेत. टोलरने स्वतःच्या मुलाला युद्धावर पाठवलं, टेलने बांधलेल्या माणसांचा छळ केला, नार्व्हेलने द्वेषापायी जीव घेतले. पाप जड होत गेलं आणि माफी हलकी.

आणि ती माफी मागायची कोणाकडे? ज्यांचा छळ झाला त्या कैद्यांपैकी एकालाही नाव नाही. नार्व्हेलने ज्यांना मारलं त्यांच्या घरात आपण कधी शिरत नाही. त्यांच्या वतीने माया माफ करते, कारण ती तरुण आहे, प्रेमळ आहे आणि समोर आहे. त्या मुलीला हे कोणी विचारलं? एक बाई म्हणून मला हे टोचतं. दुःखी पुरुषाच्या खोलीचं दार उघडायला दर वेळी एक बाई येते, आणि तिला स्वतःची वही नसते. मेरीला नाही, ला लिंडाला नाही, मायाला नाही. श्रेडरवर माझा जीव आहे म्हणूनच हे लिहून ठेवतेय.

तरी एक गोष्ट मी त्याच्या बाजूनेही लिहीन. रात्री रस्त्याने जाताना गाडीच्या दिव्यांत दोन्हीकडे फुलं फुलत जातात, असं एक स्वप्नदृश्य 'मास्टर गार्डनर'मध्ये आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने, ज्याने पन्नास वर्षं या एकट्या माणसाला गोळी, तार, तुरुंग यांखेरीज काही दिलं नाही, त्याने एकदा त्याला नाचू द्यावं असं वाटलं असेल. ती इच्छा मला समजते. पण मी पुन्हा पाहीन तो 'द कार्ड काउंटर'च. तिथे ला लिंडा काही समजावत नाही. काही माफही करत नाही. नुसती इतकं अंतर कापून येते, बसते, आणि बोट लावते.

रविवार, रात्र

जेवून परत वही उघडली. आठ महिन्यांपूर्वीचं ते पान समोर आहे. खोडायला पेन टेकवलं होतं, मग राहू दिलं. टोलरचा नियमच बरा, जे लिहिलंय ते दिसू दे.

मावसभावाने त्या दिवशी काय काय सांगितलं ते आठवून लिहायचा प्रयत्न केला. दोन तासांतली माझी वाक्यं भराभर आठवतात. त्याचं ते एकच आठवतंय. आणि हो, निघताना दारात तो चप्पल घालत बराच वेळ वाकून बसला होता. मी वरून बोलतच होते.

अकरा वाजायला वीस मिनिटं आहेत. तो पूर्वी उशिरापर्यंत जागायचा. आजचं इथेच थांबवते, फोन दुसऱ्या खोलीत आहे.