मीटरवर दोन, खिशात वेप

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहरात, सीडर-रिव्हरसाइड वस्तीत सोमाली मुलांसाठी घेतलेल्या आमच्या तंबाखू-निकोटीनविरोधी सत्राची वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजावर ठरते. इथे डिसेंबरात सूर्य साडेचारलाच मावळतो, जूनमध्ये नऊ वाजतात. पत्रकावर ठरावीक वेळ छापली की खोली रिकामी!

त्या संध्याकाळी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं, फुंकायचं सीओ मीटर नेलं होतं. पंधरा सेकंद श्वास रोखायचा, मग छाती रिकामी होईपर्यंत हळूहळू फुंकायचं. सिगारेट न ओढणाऱ्याचा आकडा साधारण सहा पीपीएमच्या (दहा लाखांत सहा भाग) आत राहतो. एका मुलाचा एकोणीस आला. "मी स्मोक करत नाही," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. दुपारी शिशा, म्हणजे हुक्का, ओढला होता. मिश्री लावणारी आपल्याकडची आजीही तंबाखू खात नाहीच की. म्हणून प्रश्न एकेक वस्तू घेऊनच विचारायचा: शिशा? वेप (ई-सिगारेट)? निकोटीनचा पाऊच? पाण्यातून धूर गार होतो, गाळला जात नाही. आणि कार्बन मोनॉक्साइड मुख्यतः कोळशातून येतो, त्यामुळे 'हर्बल' शिशानंही आकडा चढतोच.

पुढचा सोळा वर्षांचा. आकडा दोन. आमच्या सोमाली सहकाऱ्याला म्हणाला, "अदीर (काका), बघा, मी क्लीन." खिशातला वेप दिसत होता. वेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे मीटरला तो कळत नाही; निकोटीन मात्र पुरेपूर मिळतं. शिशाचाही आकडा चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. हे फुंकण्याआधी सांगितलं नाही तर मीटर प्रमाणपत्र वाटत सुटतं. सत्रात सांगितलं होतं, पण दोनचा आकडा दिसल्यावर कोण ऐकतो?

वेप कोणी आणून दिला? मोठ्या चुलतभावानं. मिनेसोटात 1 ऑगस्ट 2020 पासून एकवीसच्या आतल्यांना विक्री बंद आहे, त्यामुळे दुकानदाराला 'नको' म्हणायचा सराव फुकट. सराव हवा तो भावाला, चार पोरांदेखत, हसत नकार देण्याचा. शाळेचं पत्रही घरी गेलं होतं. इंग्रजीतलं पत्र आईला वाचून कोणी दाखवलं? यानंच! तेव्हापासून पत्रांवर आमचा भरवसा नाही. सोमालीत, ओळखीच्या बाईच्या आवाजात, मिनिटाच्या आतला व्हॉट्सअॅप निरोप आणि सोबत वेपचा फोटो पाठवतो. बऱ्याच आयांना तो पेनड्राइव्ह वाटत असतो. निरोप सगळ्याच आयांना जातो. सत्रात मुलानं सांगितलेलं घरी पोचवलं तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही.

त्या सोळा वर्षांच्या मुलाला वेप सोडायचा होता. रमजान जवळ होता. रोजात दिवसभर वेपशिवाय राहता येतंच. घसरण होते ती इफ्तारनंतर, तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या नमाजाच्या, वेळी मशिदीच्या पार्किंगमध्ये. म्हणून योजना त्या दोन तासांचीच केली: वेप घरीही ठेवायचा नाही, नमाजाला चुलतभावाच्या गाडीतून जायचं नाही, तल्लफ आली की अदीरला फोन. अठराच्या आत निकोटीन पॅच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून दवाखान्याची वेळ त्याच रात्री घेतली.