तुम्ही विचारलंत म्हणून: 'सिबरिटिक'

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या शब्दानं सगळ्यात जास्त अडवलं?

'सिबरिटिक'नं. कोशातला अर्थ सरळ आहे, ऐषारामी, विलासी. तरी तो लिहिताना हात थांबतो, कारण या विशेषणाच्या पोटात एक बुडवलेलं शहर आहे.

सिबरिस. ग्रीकांनी दक्षिण इटलीत, टारांटोच्या आखाताकाठी, इ.स.पू. 720च्या सुमारास वसवलेलं. सुपीक जमीन, भरभराटीचा व्यापार. पैसा आला, पाठोपाठ किस्सेही आले. झोपमोड नको म्हणून तांबट-सुतारांना गावाबाहेर काढलं, कोंबडे पाळायलाही बंदी. आचाऱ्यानं नवा पदार्थ शोधला तर वर्षभर तो दुसऱ्या कुणी करायचा नाही. स्मिंडिरिडीस नावाच्या गृहस्थाला म्हणे गुलाबपाकळ्यांवर झोपून अंगावर फोड आले!

हे सांगतंय कोण, ते मात्र पाहायला हवं. यातलं बरंचसं अथेनिअस या ग्रीक लेखकाच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आलं, आणि तो लिहीत होता शहर पडल्यावर तब्बल सातशे वर्षांनी. इ.स.पू. 510मध्ये शेजारच्या क्रोटननं सिबरिस जिंकलं. क्रोटनची माणसंही ग्रीकच, सिबरिसकरांच्याच अखियन नावाच्या ग्रीक कुळीची. त्यांनी क्राथिस नदीचं पाणी वळवून शहरावर सोडलं, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. 1960च्या दशकात संशोधकांनी तिथे खणलं, तेव्हा गाळ फार खोल होता आणि जमिनीतलं पाणी सतत उपसावं लागत होतं.

सिबरिसची स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट उरली आहे, तिथली चांदीची नाणी. त्यांच्यावर एक बैल उभा आहे, मान पूर्ण वळवून मागे पाहणारा. मी त्याचं चित्र बराच वेळ पाहत बसले होते. चैनीत लोळणाऱ्यांचं हे चिन्ह वाटत नाही.

आणि ग्रीक इतिहासकार हिरोडोटस एक गोष्ट सांगतो, ती मला सगळ्या किस्स्यांहून मोठी वाटते. सिबरिस पडल्याची बातमी समुद्रापलीकडच्या मिलेटस या ग्रीक शहराला पोहोचली, तेव्हा तिथल्या वयात आलेल्या सगळ्यांनी मुंडन करून शोक पाळला. घरचं माणूस गेल्यासारखा.

मागच्या महिन्यात एका कादंबरीत 'सिबरिटिक' दुपार आली. मी लिहिलं, 'लाडात लोळत काढलेली दुपार'. वाक्य जमलं. सिबरिस मात्र मूळ पानावरच राहिलं.