शेऱ्याच्या रकान्यातले इंदूर

इंदुरात मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचे काम करतो. होळकरशाहीतल्या सनदा, वतनाचे कागद आणि जीर्ण पोथ्या हा नित्याचा व्यवहार असल्यामुळे, एक निवृत्त परिचारिका स्वतःच्या बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन आल्या तो दिवस माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे. मावशींचे माहेर वसई तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. दाखला घड्यांवर फाटला होता, आणि कोणीतरी मागून लावलेल्या सेलोटेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टे उमटले होते. टेप सोडवून, गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने जपानी कागदाच्या पट्ट्या बसवत असताना मी मजकूर वाचत गेलो.

जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता, धर्मगुरूंची सही, आणि अखेरीस शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या विवाहाची नोंद होती, ठिकाण इंदूर. तान्हेपणीच्या नोंदीत लग्न कसे आले, असे मी विचारले.

"भाऊ, लग्न कुठंही लागो, तिथले फादर आमच्या गावच्या चर्चला कळवतात, आणि तिथल्या वहीत माझ्या नावापुढं ते चढतं," मावशी म्हणाल्या.

कॅथलिक चर्चचा तसा नियमच आहे. विवाहांची नोंदवही ठेवण्याचे बंधन ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये घातले. तेव्हा वसईत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि तिथल्याच नंदाखाल गावचे चर्च त्यानंतर दहा वर्षांनी, १५७३ मध्ये उभे राहिले. गाव सोडून शेकडो कोस दूर गेलेल्या मुलीचीही दखल तिच्या धर्मग्रामाने, म्हणजे गावच्या चर्चच्या मंडळींनी, अशी घ्यावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

वसईचे नाव माझ्या घरात निराळ्या कारणाने घेतले जाते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते, आणि हा विजय माळव्यातली मराठी घरे आजही अभिमानाने सांगतात. त्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची, १७२१ साल कोरलेली घंटा त्यांपैकीच एक. मावशींनी त्यापुढची हकिकत सांगितली. पोर्तुगीज पाद्री निघून गेले, तरी गावे आपापल्या चर्चला धरून राहिली. आजही ऑक्टोबरमध्ये आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी वेदीपुढे नेतात आणि मगच घरी नवे धान्य शिजते, हे सांगताना त्यांचा आवाज खुलला होता. विजयाची बखर आम्ही जपली, पण ज्या गावांतून घंटा निघाल्या तिथल्या माणसाकडून ही बाजू मी प्रथमच ऐकत होतो, आणि ती आमच्याही इतिहासात यायला हवी असे माझे ठाम मत आहे.

दाखला वाळल्यावर मी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक मावशींसाठी ठेवली, तर दुसरी त्यांच्या गावच्या धर्मगुरूंकडे पाठवली. मूळ वहीला सेलोटेप लावू नये, पाने सुटू लागल्यास ती सुती फितीने बांधून ठेवावीत, असे सोबतच्या पत्रात लिहिले.