तुम्ही विचारलेत म्हणून : गाळ ओला असतानाच

२०१९ च्या महापुरात सांगलीतले आमचे घर आणि दुकान दोन्ही पाण्याखाली गेले. तेव्हापासून अनेक जण, विशेषतः ज्यांच्यावर नुकताच एखादा प्रसंग ओढवला आहे असे, मला विचारतात, "तुम्ही खचला कशा नाहीत? एवढे बळ आणलेत कुठून?" प्रश्न आपुलकीचा असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावेसे वाटते.

सांगलीकराला पूर नवा नाही. पावसाळ्यात आम्ही एकमेकांच्या खुशालीआधी "आयर्विनला किती फूट?" असे विचारतो. १९२९ पासून कृष्णेवर उभ्या असलेल्या या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे समजायचे. २००५ साली ते सुमारे ५४ फुटांपर्यंत चढले होते आणि भिंतीवरची ती खूण हाच आमचा हिशेब होता : सामान तिच्या हातभर वर ठेवले की निर्धास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. हरिपूरच्या संगमाकडे वारणाही फुगलेली असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, शहरात तुंबते. चढते भराभर आणि उतरते इंचाइंचाने.

आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतो. घरातले पाणी गुडघ्यापर्यंत उतरल्याचे कळताच सासूबाईंनी सर्वांना उठवले. "पाणी आहे तोवर गाळ ढकला, वाळला तर कुदळ लागेल," एवढेच त्या म्हणाल्या. आधी काठी आपटून साप-किरडू नाही ना हे पाहायचे, मग त्याच गढूळ पाण्याची घमेली भिंतींवर मारायची, पाणी उतरेल तसतसे धूत खाली यायचे आणि तळाचा गाळ खराट्याने ढवळून ओसरत्या पाण्याबरोबर उंबऱ्याबाहेर लोटायचा. नळ बंद होते. नदी परत फिरण्याआधी तिच्याच पाण्याने घर धुऊन घ्यायचे होते.

दुकानात माझे पती उधारीच्या वह्या उघडू लागले. त्या फुगून विटेसारख्या झाल्या होत्या, पाने सुटत नव्हती. ते जिन्यावर बसले ते तासभर बोललेच नाहीत. सासूबाईंनी समजूत घातली नाही. थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला, तो संपेपर्यंत शेजारी बसून राहिल्या आणि मग खराटा पुढे केला. त्यांनी तो घेतला. मला विचाराल तर त्या आठवड्यातले सर्वांत मोठे धैर्य मी तिथे पाहिले, आणि ते दोघांचेही होते.

म्हणून खरे सांगते, बळ आधीपासून गाठीशी होते आणि त्याच्या जोरावर आम्ही कामाला लागलो, असे झाले नाही. हातातले काम थांबण्यासारखे नव्हते, आणि ते करताना एकेक दिवस पार पडला. रडू मला तीन आठवड्यांनी आले, धुतलेल्या फडताळात हळदीचा पहिला डबा ठेवताना. दुपारभर रडले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. आता कोणी विचारले तर मी "धीर धरा" म्हणत नाही. आज कोणते काम अडले आहे ते विचारते आणि जमल्यास सोबत जाते.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेले. त्या वेळी सामान वरच्या मजल्यावर हलवताना सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि भांडीकुंडी, गाद्या यांच्या आधी त्यांनी तीन खराटे वर पाठवले.